मदत हवी आहे: मुलगा १३८ सेंटीमीटर, तिकीट कुठलं काढू?

फोंड्याची_मनू

नमस्कार मंडळी,

यंदा नाताळात गोव्यात राहायचं नाही, असं आमच्या घरात एकमताने ठरलंय. कुणाला नवल वाटत असेल तर त्याने २८ डिसेंबरच्या संध्याकाळी पणजीहून कळंगुटला गाडी नेऊन दाखवावी. अख्खा देश इथे येतो, तर निदान आपण तरी जागा करून द्यावी. मुलांना सुट्टी आहे, यांना चार दिवस रजा मिळतेय आणि नणंद पनवेलला असते. म्हणजे खोपोलीचं इमॅजिका पार्क. इथवर सगळं सोपं होतं.

आम्ही सहाजण. आम्ही दोघं, मुलगा दहा वर्षांचा, मुलगी चार वर्षांची आणि सासूबाई-सासरे, दोघंही सत्तरीला टेकलेले. परवा रात्री भांडी आवरून तिकिटं काढायला बसले, तर तिथे मुलांचं वय कुणी विचारतच नाही. उंची विचारतात. २ फूट ९ इंचांच्या आत असेल तर फुकट, तिथपासून ४ फूट ६ इंचांपर्यंत लहान मुलांचं तिकीट, त्याच्या वर मोठ्यांचं.

लगेच चिरंजीवांना झोपेतून उठवून दाराच्या चौकटीला उभं केलं. त्या चौकटीवर त्याच्या पहिल्या वाढदिवसापासून पेन्सिलीच्या खुणा आहेत. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक आडवं धरलं, यांनी सुतारी टेप लावली. १३८ आणि वर एक रेघ. ४ फूट ६ इंच म्हणजे १३७. झालं, साहेब मोठे झाले!

मोठ्यांचे पैसे भरायलाही हरकत नाही हो. पण तो गेलं वर्षभर ज्या नायट्रो रोलर कोस्टरसाठी जीव टाकतोय, तिला किमान १४० लागतं. म्हणजे गेटवर मोठा आणि राइडपाशी लहान. हे त्याला कसं सांगू ते नंतर बघू, आधी तिकिटांचं सांगा.

थीम पार्क आणि वॉटर पार्क दोन्ही घ्यावं का? रांग टाळायची एक्सप्रेस तिकिटं सगळ्यांना घ्यावीत का? आणि आई-बाबांचं काय करू? 'आम्ही बाकावर बसू' म्हणतात, पण बाकावर बसायला तिकीट काढायचं माझ्या जिवावर येतंय.

---

निवांत

वॉटर पार्क डिसेंबरात नको. चार वर्षांची मुलगी पाण्यातून बाहेर यायची नाही आणि परतीच्या गाडीत नाक गळत बसेल. अनुभव आहे.

---

खोपोलीकर

मनूताई, माझं घर तिथून जवळ आहे. पाहुणे आले की इमॅजिका ठरलेलं, त्यामुळे २०१३ साली सुरू झाल्यापासून किती वेळा गेलो ते मोजणं सोडून दिलंय. जमेल तेवढं सांगतो.

थीम पार्क आणि वॉटर पार्कचे गेट वेगळे, तिकिटं वेगळी. एका दिवसात दोन्ही उरकायचा बेत करणारे दोन्हीकडचं अर्धंच बघतात. तुम्ही फक्त थीम पार्क घ्या, तिथेच दिवस पुरत नाही.

आता आई-बाबा. त्यांचं तिकीट काढूच नका. ज्येष्ठांना स्वस्त असलं तरी नको. पार्क खोपोली-पाली रस्त्यावर आहे. तुम्हाला गेटवर सोडून त्याच गाडीने ते सरळ पालीला जातील, बल्लाळेश्वराचं दर्शन घेतील. येताना खोपोलीजवळ महडचा वरदविनायक. (महाड नव्हे, महड. चालकाला नीट सांगा, नाहीतर ते बिचारे रायगडाच्या पायथ्याशी पोचायचे.) अष्टविनायकांतले दोन गणपती एका दिवसात होतात. सासूबाई परत आल्यावर नातवंडांपेक्षा जास्त खूश दिसल्या नाहीत तर मला सांगा.

एक्सप्रेस सगळ्यांना नको. चार वर्षांच्या मुलीला मोठ्या राइड्सवर घेत नाहीत. तिच्यासाठी टबी टेक्स ऑफ आहे, मॅम्बो चाय चामाच्या गरगरणाऱ्या कपबश्या आहेत, तिथे साधं तिकीट पुरतं. तुमच्यातलं एकजण तिच्याबरोबर साध्या तिकिटावर. दुसरं आणि मुलगा, दोघांना हवं तर एक्सप्रेस. नाताळातली गर्दी बघता त्या दोघांना त्याचा उपयोग होईल. पण आधी प्रत्येक राइडची उंचीची अट साइटवरून वहीत उतरवून घ्या. मुलाला ज्यात बसता येईल अशा पाच-सहा मोठ्या राइड्स निघाल्या तरच ते पैसे टाका.

---

बेंगळुरूत_बसलेला_सावंत

आणखी एक पर्याय. बेंगळुरूचं वंडरला, म्हैसूर रोडवर बिडदीजवळ. तिथे लहान मुलांचं तिकीट ८५ ते १४० सेंटीमीटर. म्हणजे तुमचा १३८ वाला तिथे अजून लहानच! शिवाय कोरड्या आणि पाण्याच्या राइड्स एकाच तिकिटात. वास्को-यशवंतपूर गाडी मडगावला थांबते, रात्रभर झोपून जाता येतं.

---

फोंड्याची_मनू

सावंत, हे वाचून दोन मिनिटं उडालेच होते. मग हिशेब केला. मुलाच्या तिकिटात वाचतील ते आणि वर बरेच हॉटेलात जातील. पनवेलला नणंदेकडे भाकरी आणि गाद्या फुकट. आणि वंडरलातही मोठ्या राइड्सना उंचीची अट आहेच ना?

---

बेंगळुरूत_बसलेला_सावंत

आहे. ती कुठे चुकते!

---

साखळीची_शमा

मी केलेली चूक तुम्ही करू नका. गेल्या वर्षी आम्ही एका स्वस्तवाल्या एजंटाकडून दुसऱ्याच एका पार्कची तिकिटं घेतली. बुकिंग करताना २७ तारीख पडली, आम्हाला हवी होती २८. फोन केला तर 'मॅडम, तारीख बदलत नाही, पैसेही परत नाहीत.' तिकिटाखाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं म्हणे. शेवटी पाच तिकिटं नव्याने काढली. तेव्हा पार्कच्याच साइटवरून घ्या, तारीख दोनदा बघा, आणि शेवटच्या पानावर करासकट आकडा किती होतो ते बघूनच 'अरे वा, स्वस्त' म्हणा.

---

मांडवीकाठी

तिकिटांवर एवढी चर्चा चाललीय, रेल्वेचं काय? आता आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. नाताळातली कोकणकन्या पहिल्या काही मिनिटांत भरते. गाडीत जागा मिळाली तर पार्कचा विचार करा, नाहीतर पार्कची तिकिटं हातात आणि तुम्ही फोंड्यात.

---

डॉ_निवृत्त

उंचीबद्दल एक सांगतो, राहवत नाही म्हणून. माणूस सकाळी उठतो तेव्हा त्याची उंची संध्याकाळपेक्षा सेंटीमीटरभर जास्त भरते. दिवसभर उभं राहून, चालून मणक्यांमधल्या चकत्या दबतात. रात्री आडवं झालं की पुन्हा फुगतात. आणि या वयातली मुलं वर्षाला साधारण पाच-सहा सेंटीमीटर वाढतात. तुम्ही रात्री मोजलंय. नाताळाला अजून अडीच महिने आहेत. हिशेब तुम्हीच करा.

---

खोपोलीकर

डॉक्टरसाहेब, _/\_

मनूताई, मग पार्क उघडल्या उघडल्या पहिलं नायट्रोकडे पळा. नाहीतरी तिथली रांग सकाळीच कमी असते. ताशी १०५ किलोमीटर, पाच वेळा उलटं. मुलाच्या बाबांना आधी विचारा मात्र, त्याच्याबरोबर बसणार कोण!

---

फोंड्याची_मनू

सगळ्यांचे मनापासून आभार. देव बरें करूं.

सहाऐवजी चार तिकिटं, फक्त थीम पार्क. एक्सप्रेसचं वहीतली यादी पूर्ण झाल्यावर बघते. पाली-महडचं कानावर घातल्यापासून सासूबाईंनी नणंदेला दोनदा फोन केलाय, गाडी कुणाची, चालक कोण, तिथे प्रसादाला काय मिळतं. सासरे म्हणतात, मला नायट्रो बघायची होती. त्यांचं काय ते नंतर.

मुलाच्या वडिलांनी नायट्रोचा व्हिडिओ बघितला आणि 'बघू' म्हणाले. म्हणजे बहुतेक मीच.

पार्कची तिकिटं अजून काढलेली नाहीत. मांडवीकाठी म्हणतात तसं आधी गाडीचं बघते. डॉक्टरांचा प्रतिसाद मी चिरंजीवांना वाचून दाखवायला नको होता. आता रोज सकाळी अंथरुणातून तो सरळ चौकटीपाशी जातो, वाटेत बसतसुद्धा नाही. आज सकाळी १३८.९. संध्याकाळी क्रिकेट खेळून आल्यावर १३८.१. दोन्ही खुणा केल्यात, सकाळची पेनाने.