रविवारचा वर्ग, बाहेरचा शिक्षक आणि आजीचा पेसाखचा भात

ठाण्याची टीचर
परवा 'वरळीकर' यांनी इथे लिहिलं की आपल्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांच्या, तेरा ते अठराच्या मुलांचे रविवारचे धर्माचे वर्ग बंद करा. कारण काय, तर शिकवणारी आपलीच कॉलेजातली पोरं, त्यांना चार गाणी आणि हनुक्का या दिव्यांच्या सणाचे खेळ यापलीकडे काही येत नाही. इस्रायल-अमेरिकेतून तयार शिक्षक आणा म्हणजे मुलं 'खरं' शिकतील. खाली 'अगदी मनातलं बोललात' म्हणणारे ढीगभर. गप्प बसणार होते, पण राहवलं नाही.

मी आठवडाभर शाळेत भूगोल शिकवते आणि रविवारी हा वर्ग घेते. बाहेरून आलेले शिक्षक जवळून पाहिलेत. माणसं चांगली, तयारीची. पण नव्याच्या सणाच्या (रोश हशाना, आपलं नववर्ष) आसपास यायचं, मुलांची नावं तोंडात बसेपर्यंत पुरीम, आपला होळीचा सण, उजाडायचा, आणि मग परतीची तिकिटं. पुढच्या वर्षी नवा माणूस, पुन्हा आलेफ-बेत, म्हणजे हिब्रू मुळाक्षरं. मुलं आलेफ-बेतला कंटाळलीत, धर्माला नाही.

मध्यंतरी मी वर्गात मलिद्याचं ताट ठेवलं. गोड पोहे, खोबरं, वेलची, वर खजूर, सफरचंद, केळी. विचारलं, बराखा, म्हणजे खाण्याआधीची प्रार्थना, कुठली आणि आधी कशावर? फळं दिसली की सगळ्यांचं एकच उत्तर, हाएत्स, झाडाच्या फळाची. मग गाडी केळ्यावर अडली. घड काढला की केळीचं खोड मरतं, दरवर्षी त्याच फांदीला फळ येत नाही, म्हणून केळ्याला हाअदामा, जमिनीच्या पिकाची. पोहे तांदळाचे, त्यावर मेजोनोत, धान्याच्या पदार्थाची, आणि ती सगळ्यांच्या आधी. फळांतही खजूर पुढे, कारण तो तोरा या धर्मग्रंथातल्या सात पिकांपैकी. एक पोरगा हट्टाला पेटला की आमच्या घरी आधी सफरचंदच उचलतात. अर्धा तास भांडण चाललं, एकाचाही मोबाइल बाहेर आला नाही. हा धडा बाहेरून आलेल्या कुठल्या वर्कबुकात सापडेल?

बाहेरच्या माणसाला विमानाचं तिकीट आणि राहायला जागा द्यायला पैसे निघतात. आपल्या मदरीखने (वर्ग घेणाऱ्या तरुणाने) रिक्षाभाडं मागितलं की लगेच 'सेवा' आठवते. आपल्या पोरांना नीट शिकवा, मानधन द्या, तीन-चार वर्षं टिकवा. मग बोला.

वरळीकर
ताई, मलिद्याचा धडा झकास, मानलं. पण तुमच्यासारख्या किती आहेत? माझी मुलगी नववीत आहे. दुसऱ्या एका वर्गाला पाठवत होतो. काय शिकलीस विचारलं की 'आज पिझ्झा होता'. बारमित्स्वाचं (मुलाच्या तेराव्या वर्षीचा विधी) तर बोलूच नका. मुलगा पराशा (तोराचा त्या आठवड्याचा भाग) देवनागरीत लिहून घेतो, सीडी नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप ऑडिओ ऐकून पाठ करतो, फोटो निघतात. पुढच्या शनिवारी सेफेरसमोर (तोराच्या गुंडाळीसमोर) उभा करा. तिथे ना नेकुदोत (स्वरचिन्हं) ना देवनागरी. तोंडाकडे बघत राहतो. याला शिक्षण म्हणायचं?

लोदची सून
वरळीकरांशी सहमत. लग्न करून मी इस्रायलमध्ये लोदला आले तेव्हा मलिदा येत होता, एलियाहू हनाबी या संदेष्ट्याचं गाणं येत होतं, त्याच्या नावाच्या अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या टाप्यालाही (पवित्र जागी) जाऊन आले होते. उलपानमध्ये (हिब्रूच्या वर्गात) पहिल्याच दिवशी फळ्यावरची ओळ वाच म्हणाले. बाजूला बसलेली रशियन बाई, घरी ना शब्बाथ ना काही, फडाफडा वाचून मोकळी. मी लाजेने अर्धमेली. इथे केळ्याची बराखा कुणी विचारत नाही. बँकेत, दवाखान्यात, मुलाच्या बालवाडीत हिब्रू लागतं. तुमच्या वर्गातली निम्मी मुलं उद्या इकडेच येणार आहेत, हे सगळ्यांना माहीत आहे, फक्त बोलत कुणी नाही.

दिमोनावाला
मामी, हिब्रू आलं म्हणजे सगळं आलं? १९६२ साली इस्रायलच्या रब्बानूतने (धर्मपीठाने) आपल्या लोकांची लग्नं लावण्याआधी आईकडच्या पिढ्या तपासायचा फतवा काढला, तेव्हा फडाफडा हिब्रू बोलणाऱ्यांनाही सोडलं नव्हतं. माझे वडील जेरुसलेमच्या निदर्शनांत बसले होते. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटला (इस्रायलच्या संसदेला) ठराव करावा लागला की बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदी आहेत. त्या वेळी लोक उभे राहिले ते आपण कोण हे ठाऊक होतं म्हणून. ते व्याकरणाच्या पुस्तकातून येत नाही.

लोदची सून
झालं, १९६४ आलं! प्रत्येक धाग्यात येतं. माझ्या मुलाला गणितात किती मिळाले विचारलं तरी तुम्ही क्नेसेटला जाल.

पेणची नात
मूळ विषय बाहेरचे शिक्षक ना? मग माझं ऐका. मी या वर्गांतूनच मोठी झाले. बाहेरून आलेल्या एका तरुण शिक्षकाने पेसाखच्या (वल्हांडणाच्या, खमीर वर्ज्य असलेल्या सणाच्या) आधी फळ्यावर दोन रकाने काढले, चालतं आणि चालत नाही. दुसऱ्या रकान्यात भात. आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. घरी माझी आजी अंगणात सूप घेऊन बसायची, तांदूळ तीन-तीनदा निवडायची, गव्हाचा दाणा जायला नको म्हणून. माझ्या धाकट्या भावाने त्या वर्षी जेवताना ताट सरकवलं. म्हणाला, सर म्हणालेत हे खामेत्स आहे, पेसाखला वर्ज्य. आजी काही बोलली नाही. पुढच्या वर्षी तिने भात लावलाच नाही. उकडलेले बटाटे खात बसली.

हलाखा हवा
भावनेपेक्षा नियम मोठा. शिक्षकाने त्याला जे शिकवलं गेलं ते सांगितलं. आपल्याकडे शतकानुशतकं रब्बी नव्हते, त्यामुळे बऱ्याच गोष्टी घुसल्या. त्या दुरुस्त व्हायलाच हव्यात.

पेणची नात
'घुसल्या'? भात न खाणं हा अश्कनाझींचा, म्हणजे युरोपातल्या ज्यूंचा, रिवाज. बरेच सफार्दी, म्हणजे स्पेन-मध्यपूर्वेकडचे, पूर्वीपासून खातात. इस्रायलचे सफार्दी मुख्य रब्बी राहिलेले ओवादिया योसेफ यांनी तांदूळ निवडून खायला मोकळीक दिली होती. म्हणजे आजी नियमाने वागत होती आणि 'तयार' शिक्षकाला फक्त स्वतःच्या घरचा नियम माहीत होता. दुरुस्ती कुणाची करायची ते ठरवा.

बोरिवली ६६
अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह या थोड्या मोकळ्या पंथाच्या रब्बींनी तर २०१५ मध्ये अश्कनाझींनाही भात-डाळीची परवानगी देऊन टाकली.

हलाखा हवा
कॉन्झर्व्हेटिव्हांचं नाव काढल्यावर पुढे बोलण्यात अर्थ नाही. उद्या म्हणाल होळीच्या सणाला पुरणपोळी हलाखात (धर्मनियमांत) लिहिली आहे.

पेणची नात
लिहिली नसली तरी पुरीमला आमच्याकडे होते. तुम्हाला पाठवू?

हलाखा हवा
टिंगल करायची तर करा. तुमच्यासारख्यांमुळेच मुलांना धर्म आणि स्वयंपाक यातला फरक कळत नाही.

ठाण्याची टीचर
भाषा जपून, दोघंही. आणि हलाखासाहेब, शिकवणाऱ्याला समोरच्या मुलाच्या घरात काय शिजतं ते ठाऊक नसेल तर काय होतं, याचं उदाहरण तिने दिलं आहे. तुम्ही तिलाच झापताय.

माझगावचे काका
तुम्ही सगळे ज्यावर भांडताय ते आपल्या लोकांनी दीडशे वर्षांपूर्वी करून ठेवलंय. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकरांनी बेने इस्राएल मुलांसाठी शाळा काढली. तीच पुढे सर एली कदूरी शाळा झाली. अभ्यासात हिब्रूही होतं.  १८७४ साली पुण्यात हिब्रू-मराठी हगादा (पेसाखच्या रात्री वाचायचं पुस्तक) छापली, तिच्यातल्या चित्रात लुगडी नेसलेल्या बायका बेखमीर भाकऱ्या लाटताहेत. राजपूरकरांनी प्रार्थनेची कितीतरी पुस्तकं मराठीत आणली. अष्टमकर वगैरे मंडळींनी तर कीर्तनं उभी केली, अब्राहाम, योसेफ, मोशे, सगळं साकी-दिंडीत! तिकडे पोरं जागून ऐकायची. आता यांचे वर्ग इंग्रजीत. मराठीत विचारलं की मुलं म्हणतात, 'काका, से इट इन इंग्लिश.' माझा राग शिक्षक कुठला यावर नाही. वर्ग मराठीत का नाही, हे मला कुणी सांगत नाही.

वरळीकर
काका, मुलं शाळेत इंग्रजी, मित्रांत हिंदी बोलतात. साकी-दिंडी ऐकायला कोण बसणार? तुमची नातवंडं बसतात का?

माझगावचे काका
नातवंडं मेलबर्नला आहेत. तो प्रश्न तुम्ही मुद्दाम विचारलात.

वरळीकर
मुद्दाम नाही विचारला. वाईट वाटलं असेल तर राहू द्या.

कल्याणकर आई
एवढं सगळं वाचलं. कुणीतरी मेगाब्लॉकबद्दल बोला! वर्ग रविवारी, ब्लॉकही रविवारी. दहावीच्या मुलाला रविवारीच क्लासची टेस्ट. पनवेलची एक आई मला म्हणाली, शिक्षक तेल अवीवचा असू दे नाहीतर रायगडातल्या तळा गावचा, आम्ही पोचणार कसे? झूमवर घेतला तर मुलं कॅमेरा बंद करून झोपतात. शिवाय गेटवर नाव लिहा, ओळखपत्र दाखवा. २००८च्या हल्ल्यानंतर ते लागणारच, तक्रार नाही, पण उशिरा पोचलेलं पोर आणखी उशिरा आत जातं.

दिमोनावाला
कल्याणला एखाद्याच्या घरीच वर्ग घ्या की. पाच मुलं असली तरी चालतील.

कल्याणकर आई
घर माझं देते. शिक्षक द्या.

लोदची सून
मी ऑनलाइन हिब्रू वाचन घेईन, शुक्रवारी दुपारी सोडून कधीही. पैसे नकोत. पण कॅमेरा चालू पाहिजे.

ठाण्याची टीचर
मामी, पैसे घ्या. फुकट म्हटलं की दोन महिन्यांत पालक गृहीत धरतात आणि सहा महिन्यांत तुम्ही कंटाळता. मी हेच तर वर लिहिलंय. वाचन तुम्ही घ्या, बाकीचं माझी दोन मोठी मुलं घेतील. एकाची पदवी होतेय, एक बी.एड. करतेय. बाहेरचा शिक्षक आला तर त्याने या दोघांना शिकवावं. आल्या आल्या वर्गापुढे उभं राहू नये.

हलाखा हवा
आणि पेसाखला काय शिकवणार?

ठाण्याची टीचर
दोन्ही रिवाज, कोणाचा कुठला ते सांगून. आणि घरी आजीला विचारून यायला सांगणार.

हलाखा हवा
म्हणजे गृहपाठ आजी तपासणार. छान.

वरळीकर
ठीक आहे. मुलीला पाठवतो, पण वर्षअखेरीला तिने न पाठ केलेली एक पराशा सेफेरमधून वाचून दाखवली पाहिजे. नाही जमलं तर मी इथे पुन्हा लिहीन, आणि या वेळी मोठं लिहीन.

ठाण्याची टीचर
वर्षात नाही जमणार, दोन लागतील. आणि पिझ्झा असेल. चीजचाच.