घाण साफ करण्याच्या 'रेसिपी'वर पेटंट असावं का?

तुरटीची_पुडी (धागाकर्ता):
क्रोमियमयुक्त सांडपाण्यावरच्या प्रक्रियेचं एक पेटंट परवा वाचलं. पहिलाच क्लेम (म्हणजे 'एवढं माझं, दुसऱ्याने वापरायचं नाही' असा हक्काचा दावा): लोहाचा क्षार 2 ते 60 टक्के, चुना 5 ते 80 टक्के, पीएच 7 ते 13. यातून सुटणार कोण? ज्याने कधी चुन्याचं पोतं फोडलंय तो प्रत्येक जण आरोपी!
नव्या रंगावर, नव्या प्लास्टिकवर खुशाल पेटंट घ्या. सांडपाण्याला यातून वगळा. अ‍ॅक्टिव्हेटेड स्लजचंच बघा, म्हणजे हवा देऊन जिवाणूंच्या गाळाकडून मैलापाणी साफ करून घेण्याची पद्धत. 1914 साली मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी पद्धत जाहीरपणे मांडली, पण पेटंटं होती भलत्याच हातात. पुढे अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराने मोठा प्रकल्प उभारला, तर शहरावरच खटला. 1934 मध्ये अपील कोर्टाने उल्लंघन मान्य केलं, भरपाईही कायम ठेवली. प्रकल्प बंद करायला मात्र नकार दिला, कारण बंद केला असता तर सगळं मैलापाणी मिशिगन सरोवरात गेलं असतं.

गाळमित्र:
सपशेल असहमत. पेटंट नसलं की काय होतं ते मी भोगलंय. आमच्याकडे एक पुरवठादार पांढरी भुकटी द्यायचा. पोत्यावर फक्त एक आकडा, घटक 'गोपनीय'. एकदा वैतागून जार टेस्ट लावली, म्हणजे बीकरांत तेच सांडपाणी घेऊन वेगवेगळी रसायनं टाकून बघितली. सहा बीकर, तीनात त्यांची भुकटी, तीनात साधी तुरटी आणि चिमूटभर पॉलिमर. वीस मिनिटांत सहाही बीकरांत सारखेच गुठळे तळाशी, वर सारखंच नितळ पाणी. त्या 'गुपिता'चे पैसे आम्ही कित्येक वर्षं मोजत होतो. पेटंटात निदान कृती छापावी लागते, आणि अर्जापासून 20 वर्षांनी ती सगळ्यांची होते. गुपिताला मुदतच नसते.

तुरटीची_पुडी:
कृती छापतात हो, पण कशी? चुन्याने क्रोमियमचं क्रोमियम हायड्रॉक्साइड होऊन ते गाळ म्हणून तळाशी बसतं, पण पीएच 12 च्या पुढे ते परत विरघळायला लागतं. म्हणजे 13 पर्यंतचा क्लेम घेणाऱ्याने स्वतःची पद्धत जिथे फसते ती जागाही कुंपणात घेतलीय.

क्लेम_वाचक:
तुम्ही पहिला क्लेम वाचून थांबलात. तो मुद्दाम ऐसपैस लिहितात, पुढच्या भांडणात आकसायला जागा राहावी म्हणून. खालचे क्लेम बघा, 'शक्यतो 8 ते 9' असं कुठेतरी सापडेल. आणि उदाहरणांचे तक्ते आधी वाचत जा, त्यातही 'तुलनात्मक उदाहरण' म्हणून दिलेले. काय केलं की गाळ बसत नाही, हे त्यात लिहिलेलं असतं. विक्रेता ते कधीच सांगणार नाही. बाकी, न चालणारा भाग क्लेममध्ये असेल तर पेटंट रद्द करून घेण्याचा तो चांगला आधार आहे.

तुरटीची_पुडी:
रद्द करायला वकील लागतो. छोट्या कारखान्याला तो परवडतो?

क्लेम_वाचक:
नाही. हा मुद्दा मान्य.

चुनखडी:
दोघंही चुकीच्या चोराला धरताय. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये लेब्लांक पद्धतीने, म्हणजे मिठापासून, धुण्याचा सोडा बनवताना हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सरळ धुराड्यातून जायचा, आजूबाजूची झाडं करपायची. गॉसेज नावाच्या सोडा कारखानदाराने 1836 मध्येच त्यावर मनोऱ्याचं पेटंट घेतलं होतं: वायू वर चढतो, वरून पाणी झिरपतं, आम्ल पाण्यात उतरतं. तेव्हा ब्रिटनमध्ये पेटंटची मुदत 14 वर्षं. म्हणजे 1850 नंतर तो मनोरा कुणीही फुकट बांधावा. तरी 1863 चा अल्कली कायदा यावा लागला, 95 टक्के वायू अडवा म्हणून. पेटंट केव्हाच संपलं होतं, सक्ती नव्हती!
(अवांतर: अडवलेलं आम्ल मग कित्येकांनी नदीत सोडलं. हवा सुटली, पाणी अडकलं.)

गाळमित्र:
+1. हाच प्रतिसाद धाग्याच्या वर हवा होता.

तुरटीची_पुडी:
ठीक, पण मग सक्ती आणि पेटंट एकाच वेळी आलं तर? कायदा म्हणतो अमुक मर्यादा पाळ, आणि ती पाळणारी पद्धत एकाच्याच खिशात. अमेरिकेच्या क्लीन एअर अ‍ॅक्टमध्ये अशा वेळी कोर्टाकडून वाजवी अटींवर परवाना द्यायला लावण्याची तरतूद आहे. 'पेटंटच नको' हे माझं वाक्य मागे घेतो. एवढी तरतूद सांडपाण्याला लावायला तुमची काय हरकत आहे ते सांगा.

गाळमित्र:
हरकत एकच: 'वाजवी' म्हणजे किती, ते कोण ठरवणार?