मॅड्रनच्या चिंध्या

मॅड्रनच्या पवित्र विहिरीबद्दल तुम्ही लिहिलेलं 'विहीर बघायला गेलो आणि डबकं बघून आलो' हे वाचून हसू आलं. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलात, पेन्झान्सजवळच्या मॅड्रनला आमचंही अगदी हेच झालं. पण विहिरीजवळच्या झाडाला बांधलेल्या चिंध्या म्हणजे आपल्यासारखा नवस, हे तुमचं म्हणणं तितकंसं पटलं नाही. जुनी रीत अशी, की दुखऱ्या जागेवरच्या कपड्याची पट्टी फाडायची, विहिरीच्या पाण्यात भिजवायची आणि फांदीला बांधायची. ती कुजत जाते तसतसं दुखणं ओसरतं. म्हणजे खरं काम कुजण्याचं! आम्ही गेलो तेव्हा निम्म्या तर नायलॉनच्या रिबिनी होत्या. त्या बांधणाऱ्यांची दुखणी काही इतक्यात हटत नाहीत (आणि फांद्यांना काच पडतो तो वेगळाच).

तिथूनच मागे फिरला असाल तर पुढचं बिनछपराचं चॅपेल राहिलं. तिथे कोपऱ्यातल्या दगडी कुंडात झऱ्याचं पाणी येतं. १६ वर्षं पांगळा असलेला जॉन ट्रेलिल या पाण्यात आंघोळ करून चालू लागला, असं एक्झेटरचे बिशप जोसेफ हॉल यांनी १७व्या शतकात स्वतः चौकशी करून लिहून ठेवलंय. आमच्या गुडघ्यांना मात्र काही फरक नाही. वाटेत चिखल फार, गमबूट न्या.