'आतून वाटलं' याला मराठीत एकच शब्द आहे का?

सीवूड्सकरीण
आमच्या इथल्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर पुढच्या महिन्यात मला अर्धा तास बोलायचंय. विषय 'इन्ट्यूशन आणि रोजचे निर्णय'. कुठला भाजीवाला, कुठला डॉक्टर, बँकेच्या नावानं आलेला फोन खरा की खोटा, असं सगळं. बॅनरसाठी मराठी शब्द हवाय. अंतर्ज्ञान म्हटलं की एखादे बाबा डोळ्यांसमोर येतात, अंतःप्रेरणा म्हटलं की कवी. 'सहावं इंद्रिय' तर थेट भुताखेतांत नेतं. वांगी निवडताना बाईच्या मनात जे होतं, त्याला काय म्हणायचं?

पाचपाखाडी
अंतःप्रज्ञा. वर्गात शिकवताना आम्ही हाच शब्द वापरायचो. 'गट फीलिंग'चं शब्दशः भाषांतर मात्र करू नका. मराठी माणसाच्या पोटात गोळा येतो तो भीतीनं, निर्णय घ्यायला नाही.

खारेगाव
'मनाचा कौल' का नको? छान रुळलेला शब्द आहे.

अनुस्वार
कौल सुंदर आहे, पण इथे बसत नाही. मूळ अरबी 'कौल' म्हणजे शब्द, वचन. त्यातूनच जुन्या कागदपत्रांतला कौलनामा आला. कोकणात देवाला कौल लावतात तेव्हा आधी प्रश्न विचारावा लागतो, मग मूर्तीला चिकटवलेली उजवी पाकळी पडते की डावी, ते बघायचं. म्हणजे कौल हे मागितलेलं उत्तर. इन्ट्यूशन न मागता येतं. तुम्ही वांग्याला हात लावण्याआधीच 'हे नको' झालेलं असतं.

(घरावरचं कौल वेगळं. ते कोणी काढू नये, मागच्या वेळी त्यावरून चर्चा मंगळुरात पोचली होती.)

मला विचाराल तर आपण चुकीच्या जागी शोधतोय. नामं बाजूला ठेवा, क्रियापदं बघा. 'मला वाटतं' आणि 'मला कळतं' या दोन वाक्यांत मराठी माणूस जो फरक करतो, त्यावर मानसशास्त्रात कित्येक वर्षं वाद चालला. अमेरिकेतले गॅरी क्लाइन १९८०च्या दशकात अग्निशमन दलाच्या प्रमुखांना भेटत फिरले. तुम्ही निर्णय कसे घेता, हा प्रश्न. उत्तर यायचं, निर्णय कसला, दिसलं ते केलं! त्यातला एक किस्सा प्रसिद्ध आहे. एका घरात स्वयंपाकघराला आग. पाणी मारलं तरी हटेना, खोली नको तितकी तापलेली आणि आवाज मात्र फारच कमी. प्रमुखानं सगळ्यांना बाहेर काढलं आणि थोड्याच वेळात जमीन खचली. खरी आग खाली तळघरात होती. तो स्वतः याला अतींद्रिय शक्ती समजत होता. क्लाइन यांचं म्हणणं, शक्ती वगैरे काही नाही. शेकडो आगी पाहिलेल्या माणसाला ही आग नेहमीच्या आगींत बसत नव्हती, इतकंच.

१९७८चे नोबेल मिळवणारे हर्बर्ट सायमन यांनीही १९९२मध्ये तेच लिहिलं: इन्ट्यूशन म्हणजे ओळख पटणं, त्याहून कमी नाही, जास्त नाही. आपल्याकडे याला 'नजर बसणे' म्हणतात. शिंप्याची बसते, सोनाराची बसते. 'हाताला कळतं' हेही तेच.

फळबाजार
हाताला कळतं यावर बोलायचा मला हक्क आहे. वडिलांचा वाशीच्या फळबाजारात गाळा होता. हापूसची पेटी उघडली की वासावरून सांगायचे, ही दोन दिवसांत लागेल, ही आधीच उतरलीय. चुकायचे क्वचित. पण साका? देठापासून टोकापर्यंत देखणं फळ, आणि कापलं की आत पांढरट, स्पंजासारखा गर. बाहेर खूण काहीच नाही. त्यात बाबाही आमच्याइतकेच आंधळे. गिऱ्हाईक मात्र म्हणायचं, 'शेठ, तुमच्या हाताला कळतं, तुम्हीच निवडून द्या.' बाबा ऐटीत निवडून द्यायचे.

अनुस्वार
अहो, तुमच्या बाबांनी दोन वाक्यांत प्रबंध सांगितला. डॅनियल कानमन (२००२चे नोबेल) हे अंतःप्रज्ञेवर संशय घेणारे, क्लाइन तिचे वकील. दोघांनी भांडत भांडत २००९मध्ये एकत्र लेख लिहिला आणि दोन अटींवर त्यांचं जमलं. एक, त्या क्षेत्रात भरवशाच्या खुणा असायला हव्यात. दोन, आपण बरोबर की चूक हे वारंवार कळायला हवं. पिकणं वासाला सापडतं आणि दोन दिवसांत निकाल लागतो, म्हणून तिथे नजर बसते. साक्याची खूणच नाही, तर चाळीस वर्षांचं नाक काय करणार? पण ऐट दोन्हीकडे सारखीच, ही खरी गोम. आतून येणाऱ्या खात्रीवर 'पिकणं' की 'साका' असा शिक्का नसतो.

खारेगाव
संध्याकाळच्या लोकलमध्ये घाटकोपरला कोण उठणार हे मला चेहऱ्यावरून कळतं. पिशवी मांडीवर ओढली, मोबाइल खिशात गेला, की मी त्याच्यासमोर जाऊन उभा. निकाल पाच मिनिटांत. म्हणजे मला 'कळतं' म्हणायची मुभा आहे ना? घोडबंदर रोडला फ्लॅट घेतला तेव्हाही असंच 'आतून' आलं होतं. वाहतूक बघता ते 'वाटणं' होतं, हे आता कळलं.

पाचपाखाडी
शरीराला आधी कळतं, याचाही दाखला आहे. आयोवा विद्यापीठातल्या अंतोनियो दमासिओ यांच्या गटाचा १९९७चा लेख. पत्त्यांचे चार गठ्ठे, त्यांतले दोन मोठं बक्षीस देऊन त्याहून मोठी बुडवणूक करणारे. खेळणाऱ्याला 'हा गठ्ठा वाईट' हे सांगता येण्याआधीच तिकडे हात वळताना तळव्याला घाम येऊ लागायचा.

अनुस्वार
त्याला २००४मध्ये उत्तरही आलं. खेळणाऱ्यांना खोदून खोदून विचारलं, तर त्यांना बरंच काही माहीत होतं असं निघालं. तेव्हा घामाला अंतर्यामी करू नका.

सीवूड्सकरीण
मला फोनवाल्यांबद्दल बोलायचंय, म्हणून 'मनात पाल चुकचुकली' हा वाक्प्रचार घेणार होते. कट्ट्यावरच्या एका काकांना मोठा फटका बसला. ते आता म्हणतात, 'पाल चुकचुकली होती हो, पण तो म्हणत होता, फोन ठेवू नका.'

अनुस्वार
आता गंमत बघा. हा वाक्प्रचार मी तरी बहुतेक वेळा 'चुकचुकली होती' याच रूपात ऐकलाय. पाल चुकचुकते वर्तमानकाळात, तिची बातमी येते घटना घडून गेल्यावर. काका खोटं बोलत नाहीत. बारुक फिशहॉफ यांनी १९७५मध्ये लोकांना १८१४च्या इंग्रज-गुरखा युद्धाची माहिती वाचायला दिली. काहींना सांगितलं इंग्रज जिंकले, काहींना गुरखे जिंकले. ज्याला जो निकाल सांगितला, त्याला तोच आधीपासून संभवनीय दिसला. निकाल कळला की मागच्या सगळ्या पाली चुकचुकायला लागतात. ज्या दिवशी चुकचुकून काहीच झालं नाही, ते दिवस कोण मोजतो?

म्हणून काकांना माझा सल्ला असा: पाल खरी की खोटी हे ठरवत बसू नका, फोन ठेवा आणि पासबुकावरच्या नंबरावर स्वतः फोन करा. पालीचं काम तेवढंच. समोरचा घाई करतो, कारण तेवढी फुरसत त्याला परवडत नाही.

पाचपाखाडी
मग कालिदासाचं काय करायचं? 'सतां हि सन्देहपदेषु वस्तुषु प्रमाणमन्तःकरणप्रवृत्तयः.' संशयाच्या जागी सज्जनांचं अंतःकरण हेच प्रमाण.

अनुस्वार
सर, हे दुष्यंत कधी म्हणतो ते आठवा. समोर शकुंतला उभी आहे, ती आपल्याला चालेल की नाही हा संशय आहे, आणि प्रमाण काय, तर आपलं मन तिच्यावर गेलंय! ही अंतःप्रज्ञा नव्हे, इच्छाच सोवळं नेसून आली आहे. राजाचं बरोबर निघालं, कारण नाटक कालिदासाच्या हातात होतं. तुकोबांचं 'सत्य असत्यासी मन केलें ग्वाही' मला इथे जास्त जवळचं वाटतं. ग्वाही फारसीतून आलेला शब्द, म्हणजे साक्ष. साक्षीदाराची उलटतपासणी करता येते.

फळबाजार
'अंदाज'ला सगळेच विसरले. बाजारात दिवसभर तोच चालायचा.

अनुस्वार
खरंय. आणि गोलंदाज, तिरंदाज यांतला 'अंदाज' म्हणजे फारसीत फेकणारा. 'ठोकताळा'ही मला आवडतो, कारण त्याच्या पोटात ताळा आहे. हिशेब पडताळून पाहण्याची आठवण शब्दातच राहिली.

सीवूड्सकरीण
ठरलं. बॅनरवर 'वाटतं की कळतं?' आणि खाली बारीक अक्षरात अंतःप्रज्ञा. फळबाजार, येताना चार हापूस आणाल का? सभेत कापून बघू.

फळबाजार
आणतो. सगळे चांगले निघाले तर मला बोल लावू नका.

पाचपाखाडी
अंतःप्रज्ञातला विसर्ग बॅनरवाला खाईल, छापण्याआधी एकदा बघून घ्या.