'स्टिग्मा'ला कलंक म्हणावं का?

लेखणी
कॅन्सरच्या रुग्णांसाठीची एक माहितीपुस्तिका मराठीत करतेय. त्यातल्या 'स्टिग्मा'च्या, म्हणजे आजारामुळे माणसाला कमी लेखण्याच्या, दूर ठेवण्याच्या प्रकरणाला मी 'कॅन्सर आणि कलंक' असं नाव दिलं. खर्डा वाचणाऱ्यांत उपचार घेऊन बऱ्या झालेल्या एक बाई होत्या. त्यांनी शीर्षकावर सरळ काट मारली. "कलंक काहीतरी केल्यावर लागतो. मी काय केलं?" डाग, लांछन, बट्टा, काळिमा, सगळं चाचपून झालं. सगळे शब्द आजारी माणसालाच चिकटतात. दुसरं काही सुचतं का?

जुना खर्डा
मूळ ग्रीक शब्द म्हणजे टोचून किंवा डागून उमटवलेली खूण. गुलामांच्या अंगावर ती करत. तेव्हा 'कलंक' अर्थाने चूक नाही. पुस्तिकेत रुळलेलाच शब्द हवा.

पायवाट
पण डागणी कोणीतरी देतं ना? 'कलंक'मध्ये तो देणारा दिसतच नाही. आमच्या आत्याला स्तनाचा कॅन्सर होता. घरात 'गाठ झालीय' एवढंच बोलायचे, तेही दार लोटून. तिचा पेला वेगळा ठेवलेला. कॅन्सर शिवल्याने किंवा उष्टं प्यायल्याने होत नाही, हे डॉक्टरांनी सांगूनही तो पेला काही परत मांडणीत आला नाही. याला मी 'विटाळ' म्हणेन. निदान कोण मानतं ते तरी कळतं.

लेखणी
विटाळ पेल्यापुरता बरोबर आहे. पण फुप्फुसाचा कॅन्सर म्हटलं की पहिला प्रश्न "सिगारेट ओढायचात का?" कधीच न ओढणाऱ्यांनाही तो होतो. आणि ओढणाऱ्याला झाला, तरी आजारपणात त्याचा हिशेब का मागायचा? या बोलण्याच्या धाकाने माणसं लक्षणं लपवतात, डॉक्टरकडे उशिरा जातात. हा विटाळ नाही.

पायवाट
मग 'बोल लावणं'. 'कॅन्सर झाला म्हणून बोल का लावता?' असं शीर्षक करा. नामच हवं असा हट्ट कशाला?

जुना खर्डा
शीर्षक आहे ते, तक्रार नव्हे. आणि मराठी पुस्तिकेत 'कॅन्सर' का? कर्करोग म्हणा.

उंबरठा
कर्करोग तरी कुठे अस्सल? प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या 'कार्किनोस'चा, म्हणजे खेकड्याचा, तो अवतार. सुश्रुतसंहितेत 'अर्बुद', म्हणजे गाठ, आहे. माणसं 'कॅन्सर' म्हणतात, तेच छापा. मला जास्त खुपतं ते 'भ्रष्टाचाराचा कॅन्सर'. केमो घेत असताना बहिणीने हे भाषणात ऐकलं आणि टीव्ही बंद केला.

पायवाट
आणि बातम्यांतलं 'झुंज अखेर अपयशी'! गेलेल्या माणसाला वर नापासही करायचं.

जुना खर्डा
म्हणूनच पूर्वी 'दुर्धर आजाराने निधन' लिहीत. त्यात अदब होती.

उंबरठा
अदब कसली, लपवाछपवी ती. शिवाय दुर्धर म्हणजे सोसायला कठीण. लोक त्याचा अर्थ 'बरा न होणारा' असा धरतात. लवकर सापडलेले कितीतरी कॅन्सर बरे होतात, त्यांना दुर्धर का म्हणायचं?

जुना खर्डा
बरे होतात, पण उपचार सोसावेच लागतात. तुमच्याच अर्थाने दुर्धर बरोबर ठरतो.

उंबरठा
मग दाढदुखीही दुर्धरच! 'असाध्य' आणि 'दुर्धर' यांची गल्लत कधीपासून सुरू झाली, कोणाकडे जुना कोश आहे का?