बाराबंदी घरी शिवायची की विकत आणायची?

उरेबपट्टी:
गड्डा, म्हणजे आमच्या सोलापूरची संक्रांतीची सिद्धेश्वर यात्रा, जवळ आला की आमच्या गल्लीत एकच चौकशी सुरू होते, बाराबंदी, म्हणजे यात्रेत घालायचा बारा बंदांचा पांढरा सदरा, कुठं शिवून मिळेल? डिसेंबर निम्मा सरला की चांगले मास्तर नवीन कापड घेत नाहीत. मग मंडळी तयार बाराबंदी आणतात. माझा राग त्या तयार बाराबंदीवर आहे. खांदा एकाचा, छाती दुसऱ्याची. लहान मुलांच्या बाराबंदीत तर बंद नुसते शोभेला टाचलेले आणि आत वेल्क्रो! बंद बांधायचेच नसतील तर साधा सदरा घाला की.

मी घरच्यांच्या बाराबंद्या स्वतः शिवते. लेकीचा स्नेहसंमेलनातला जिजाऊंचा पोशाख, माझे ब्लाउज, उशांचे अभ्रे, सगळं घरीच. नोकरी वेगळी आहे, शिवण ही निव्वळ हौस. माझं म्हणणं एवढंच की ज्या गावाची ओळख चादर, टॉवेल आणि शाळेचे गणवेश, त्या गावातल्या माणसाला आपल्या अंगावरचा सदरा किती तुकड्यांचा आहे हे तरी माहीत असावं. प्रत्येक घरात एकाला तरी कापड बेतता यावं, मग तो बाप्या असो की बाई. ही हौस स्वस्त पडते असं मी म्हणत नाहीये. आधीच सांगून ठेवते, कारण पहिला प्रतिसाद तोच येणार.

जुनीमिलकर:
आला बघा. सोलापुरात राहून कपडे घरी शिवायचे म्हणजे पंढरपुरात राहून घरी बुक्का कुटायचा.

हिशेब मांडा ना ताई. मोटरवाली मशीन, चांगली कात्री, इस्त्री, टेप, खडू, अस्तर, कॅनव्हास, दोऱ्याची रिळं. शिवाय वाया गेलेलं कापड कुणीच मोजत नाही. त्यात तुमचा रविवार गेला. एवढ्यात तीन तयार सदरे येतात आणि दुपारची झोप पण होते. आमचे आजोबा जुन्या मिलमध्ये होते. 1877 ची ती मिल. गावात कापड गिरणीवर निघालं, शिलाई कारखान्यात गेली, तेव्हा कुठं साध्या माणसाच्या अंगावर धडका कपडा आला. आता परत उलटं घरात कशाला न्यायचं? हौस आहे म्हणा, आमची ना नाही. पण ‘प्रत्येक घरात’ वगैरे म्हणू नका.

फोम_आणि_फेटा:
मी इंजिनिअरिंगला आहे आणि मी शिवतो. मित्र हसतात. कॉमिक कॉनला जायचं म्हणून कॉस्प्लेचा, म्हणजे कॉमिकमधल्या पात्राचा, पोशाख करायला घेतला होता. चिलखत फोम शीटचं, ते कापून चिकटवता येतं. पण आतला अंगरखा आणि पाठीवरचा झगा शिवल्याशिवाय गत्यंतर नाही. तसला पोशाख बाजारात मिळतच नाही, मग जुनीमिलकर काकांच्या तीन सदऱ्यांशी तुलना कशी करायची?

दुसरं म्हणजे स्नेहसंमेलनाला भाड्याने आणलेले पोशाख आठवा. मावळा झालो होतो तेव्हा पाठीला सेफ्टी पिना, बगलेत मागच्या वर्षीच्या मावळ्याचा घाम. घरी शिवलेला पोशाख निदान आपल्या मापाचा असतो.

सध्या सोलापुरी चादरीचं जॅकेट करतोय. जीआय मानांकनवाली चादर कापताना हात थरथरतो, खरं सांगतो. कापली की कडेचे धागे सुटायला लागतात, म्हणून आधी सगळ्या तुकड्यांना ओव्हरलॉक मारून घ्यावं लागतं. साध्या कापडाची 14 नंबरची सुई मोडते, 16 किंवा 18 ची लावा. आणि डाव्या-उजव्या बाजूची नक्षी जुळवायची म्हटलं की कापड जास्त लागतं. हे मला कुठल्याही दुकानात कळलं नसतं.

पूर्वभाग_अशोकचौक:
वाचतेय मघापासून. आता बोलते.

माझी आई गणवेशाच्या कॉलरी शिवते. घरीच, नगावर. कारखान्यातून गठ्ठा येतो, शिवलेला गठ्ठा जातो. सकाळी स्वयंपाक उरकून बसली की दिवेलागणीला मान वर करते. आमच्या घरातही मशीन आहे, आम्हालाही टीप येते, पण आमच्याकडे कुणी त्याला हौस म्हणत नाही. उरेबपट्टी ताई, तुमच्याकडे पगार आहे आणि रविवार आहे, म्हणून ती हौस आहे. ‘प्रत्येक घरात एकाला यावं’ हे पूर्व भागात येऊन सांगा. इथे प्रत्येक घरात तिघींना येतं आणि तिघींना नको झालंय.

अजून एक. हौसेने शिवणाऱ्या बायका शेजारणींना फुकट शिवून देतात. ‘अगं दे, मी मारून देते.’ मग तीच शेजारीण आईकडे येते तेव्हा फॉल-पिकोचे पैसे द्यायला कुरकुर करते. शिलाईला किंमत नसते, ही सवय तुम्ही लावता.

उरेबपट्टी:
फुकट शिवून देण्याचा मुद्दा सोळा आणे खरा. मी देत नाही, पण देणाऱ्या आहेत, माझ्या नात्यातच आहेत.

बाकीचं पटत नाही. कारखान्यात काम तुकड्यांत वाटलेलं असतं. एक कॉलर लावते, एक बाही, एक काज-बटण. अख्खा कपडा कुणाच्याच हातून जात नाही, म्हणून विकत घेणाऱ्यालाही त्यात किती हात लागले ते दिसत नाही. मी पहिल्यांदा शर्टाच्या कॉलरीला बसले तेव्हा कळलं काय काम आहे ते. दोन्ही टोकं सारखी यायला हवीत, कॅनव्हास फुगायला नको, स्टँड गळ्याला बरोबर बसायला हवा. त्यानंतर दोनशे रुपयांचा शर्ट बघितला की ‘स्वस्त मिळाला’ असं मनात येत नाही. ‘यात शिवणाऱ्याला काय उरलं असेल’ हे येतं. ढाक्याजवळ 24 एप्रिल 2013 ला राणा प्लाझाची इमारत कोसळली, कपडे शिवणारी 1,100 हून जास्त माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी सकाळी कामावर बोलावलं होतं. स्वस्त कपड्याचे उरलेले पैसे कुणीतरी भरतच असतं, जुनीमिलकर काका.

पूर्वभाग_अशोकचौक:
ढाक्यापर्यंत कशाला जाता ताई? इथल्या अक्कलकोट रोडच्या कारखान्यांत या. आणि ‘काय उरलं असेल’ असं मनात येऊन आईला काय उरतं? तुम्ही तो शर्ट घेत नाही, घरी शिवता. म्हणजे तिची एक कॉलर कमी झाली.

जुनीमिलकर:
याला म्हणतात प्रतिसाद. ताई, आता सांगा.

मास्तर_मधला_मारुती:
राम राम मंडळी. बरीच वर्षं टेबलावर उभा आहे, म्हणून दोन शब्द.

बाराबंदीवर आधी बोलू, भांडण नंतर. आजकाल घरी शिवणारे व्हिडिओ बघून शर्टाचा मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, काढतात. त्यात आणखी, हात मोकळा हलावा म्हणून मुंढा खोल कापतात. उलटं होतं. मुंढा जेवढा खाली, तेवढा हात वर करताना अख्खा कपडा वर ओढला जातो. नंदीध्वज, म्हणजे यात्रेतली उंच मानाची काठी, धरणाऱ्याला हात हलवायला जागा लागते, सगळा तोल त्याच्यावर असतो. जुन्या बेताच्या कपड्यात बाही सरळ आणि काखेत चौबगला, म्हणजे चौकोनी तुकडा तिरका बसवलेला. मुंढा खोल न करता हात वर जातो. तो जोडायला वेळ खातो, चारी कोपऱ्यांत चुणी पडू द्यायची नसते. म्हणून तयार मालात बघायला मिळत नाही.

आता हौशी लोकांबद्दल. अर्धवट कापून आणतात आणि म्हणतात ‘मास्तर, एवढं जुळवून द्या.’ नव्याने शिवणं सोपं, दुसऱ्याचं कापलेलं जुळवणं अवघड. त्याची शिलाई मी दीडपट सांगतो. तेव्हा तोंड वाकडं करायचं नाही. पण खोटं कशाला बोलू, ज्याने एकदा स्वतः बाही लावलीय तो माझ्याशी शिलाईवरून घासाघीस करत नाही.

शेवटचं. कापड टेरिकॉट घ्या. पांढरं असतं, दिवसभर घालायचं असतं, सुती चुरगळून जातं.

उरेबपट्टी:
मास्तर, चौबगला मी लावते. सासऱ्यांची जुनी बाराबंदी उसवून तिच्यावरून कागदी बेत काढून ठेवलाय. पण टेरिकॉट नाही, काही झालं तरी नाही. गावाभोवतीच्या 68 लिंगांच्या तैलाभिषेकाला सातही नंदीध्वजांबरोबर दिवसभर चालायचं, जानेवारी असला तरी दुपारी सोलापूरचं ऊन आहे ते आहेच. टेरिकॉटमधला पॉलिस्टर घाम शोषत नाही. आणि होमाच्या दिवशी ठिणगी उडाली तर तो वितळून कातडीला चिकटतो. सुती जळतं, पण असं चिकटत नाही. चुरगळलं तर चुरगळू दे, यात्रेला कुणी इस्त्री बघायला येत नाही.

मास्तर_मधला_मारुती:
गिऱ्हाईक इस्त्रीच बघतं ताई. तुम्ही घरच्यांसाठी शिवता, मी गिऱ्हाइकासाठी. ठिणगीचं म्हणाल तर ते खरं आहे.

निवृत्त_शिवणक्लास:
मुलांनो, एक विसरताय. आमच्या काळी मुलीला शिवणक्लासला घालायचे ते लग्नाच्या बाजारात भाव यावा म्हणून. ‘मुलगी शिवण-टिपण जाणते’ हे बघायला आलेल्यांना सांगायचे. मला आवडायचं का, कुणी विचारलं नाही. माहेराहून मशीन आली आणि सासरच्या सगळ्या परकर-चोळ्या माझ्या गळ्यात पडल्या. म्हणून ‘प्रत्येक घरात एकाला यावं’ म्हटलं की मला धसका बसतो. ती एक कोण असणार ते ठरलेलं असतं. उरेबपट्टी म्हणते बाप्या असो की बाई, बरं वाटतं ऐकायला. या धाग्यावर शिवणारा मुलगा एकच दिसतोय, आणि त्याचे मित्र त्याला हसतात.

फोम_आणि_फेटा:
काकू, एक हसायचा, त्याला मी बटण लावायला शिकवलं. बाकीचे अजून हसतात.

जुनीमिलकर:
बरं, मला एक सांगा, भांडण बाजूला ठेवून. नातवाला यंदा बाराबंदी हवी आहे. पाच वर्षांचा आहे. बायको म्हणते घरी करू या, तिला उत्साह आलाय हा धागा वाचून. कापड किती घ्यायचं?

उरेबपट्टी:
हा हा, काका! पाच वर्षांच्या मुलाला 36 इंची पन्ह्याचं दोन मीटर घ्या, थोडं उरेल, बंदांना लागेल. सुती असेल तर कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवा, वाळवून इस्त्री करा आणि मगच खडू लावा. नाहीतर पहिल्या धुण्यालाच आटते आणि बाही कोपरापर्यंत येते. वाढत्या अंगाचं मूल आहे, तळाला आणि बाहीला चांगली दुमड ठेवा. बंदांसाठी पट्ट्या कापून शिवून उलटवायच्या. बारा बंद उलटवणं हेच खरं काम. सुई-दोरा टोकाला अडकवून आतून ओढायचा. काकू चिडतील, तेव्हा समोर चहा ठेवा आणि गप्प बसा.

पूर्वभाग_अशोकचौक:
आई सेफ्टी पिनने उलटवते. लवकर होतं.

उरेबपट्टी:
अगं, मग आईंना विचार ना. एखाद्या रविवारी आम्हा दोन-चार जणींना काज आणि बंद दाखवतील का? कॉलरीपण. माझं कॉलरीचं टोक अजून हवं तसं येत नाही.

पूर्वभाग_अशोकचौक:
विचारलं. हो म्हणाली. फी घेईल. किती ते ती सांगेल, तुम्ही ठरवायचं नाही. आणि जानेवारीत नाही, तेव्हा तिला गठ्ठे असतात.

जुनीमिलकर:
मग बाराबंदीचं काय? संक्रांत काय फेब्रुवारीत येणार आहे का? मास्तर, तुमच्याकडे अजून कापड घेताय?

मास्तर_मधला_मारुती:
पाच वर्षांच्या पोराची घेतो. वेल्क्रो मागायचा नाही.