भीतीदायक मालिका लहान मुलांसमोर लावाव्यात का?

सोलापूरच्या पूर्वभागातील वाचक : १९९५ साली सोनी वाहिनीवर 'आहट' सुरू झाली, तेव्हा मी सात वर्षांची होते. सोलापुरात आमच्या घराला लागूनच यंत्रमागाचा कारखाना होता आणि त्या खडखडाटातच आम्हाला झोप लागत असे. मालिका पाहिलेल्या रात्री वीज जाऊन माग थांबले, की त्या एकाएकी पसरलेल्या शांततेने माझ्या अंगावर काटा येई. मग भर उन्हाळ्यातही जाड चादर डोक्यावरून ओढून, घामाने निथळत, मी माग पुन्हा सुरू होण्याची वाट पाहत पडून राही. शौचालय अंगणाच्या टोकाला होते आणि तिथे रात्री एकटीने जाणे मला बाराव्या वर्षापर्यंत जमले नाही. घरातील मोठी माणसे यावर हसत, त्याचे दुःख आजही आहे. मुले जागी असताना अशी मालिका लावूच नये, असे माझे ठाम मत आहे.

निवृत्त शिक्षक : ताई, तुमचा त्रास खरा आहे, पण उपाय मला पटत नाही. १९९३ मध्ये रामसे बंधूंचा 'झी हॉरर शो' आला, तेव्हा आमच्या गल्लीतील सारी मुले एकाच घरात दाटीने बसून तो पाहत आणि दुसऱ्या दिवशी भुतांच्या नकला करीत. त्याआधी आपल्या आज्यांनी पिंपळावरचा मुंजा आणि विहिरीवरची हडळ सांगितलीच होती की!

पूर्वभागातील वाचक : सर, माझी आजी मांडीवर सूप घेऊन विड्या वळता वळता मुंजाची गोष्ट सांगत असे. मी सरकून तिच्या गुडघ्याला टेकले, की तिचा हात थांबे आणि तो मुंजा वाट चुकलेल्याला घरी पोहोचवणारा होऊन जाई. टीव्हीला समोरच्या मुलाचा चेहरा दिसत नाही.

एक आई, जुळे सोलापूर : मी दोघांशीही पूर्णपणे सहमत नाही. २०१६ साली 'रात्रीस खेळ चाले' रात्री उशिरा लागे, पण तिची जाहिरात संध्याकाळच्या मालिकांमध्येच दिसे आणि माझा पाच वर्षांचा मुलगा तेवढ्यानेच घाबरला. या वयात खरे आणि काल्पनिक यांतील सीमारेषा पुसट असते. दिसायला जे भयंकर, ते त्यांच्यासाठी खरोखरच भयंकर असते. त्यामुळे "अरे, ते खोटं असतं" हे माझे वाक्य निरुपयोगी ठरले. शेवटी मी आरशासमोर त्याला शेजारी बसवून पावडर आणि काजळाने स्वतःचा अर्धा चेहरा भुतासारखा रंगवला आणि ओला रुमाल त्याच्या हातात दिला. त्याने स्वतः पुसून खालची आई पाहिली, तेव्हा कुठे तो शांत झोपला.

निवृत्त शिक्षक : हे मला सुचले नव्हते. वर्गात मी अशा मुलांना "भित्रा" म्हणून गप्प केले आहे आणि ते चुकले, हे मान्य करतो. टीव्ही बंद ठेवण्याबद्दलचा माझा आक्षेप मात्र कायम आहे : एकाच खोलीच्या घरात, पाळी संपवून रात्री परतलेल्या कामगाराने आपली मालिका पाहायची तरी कुठे?